बँकर म्हणजे मागचं इंजिन

आमच्या बचत गटाच्या सभेत एका पाहुण्यांनी विचारलं, "बँकर म्हणजे कोण, सांगा बरं?" मागे बसलेल्या आजी पटकन म्हणाल्या, "गाडीला मागून ढकलतं ते इंजिन." पाहुणे हसले, आम्हीही हसलो. आजी मग सभा संपेपर्यंत बोलल्या नाहीत. आमचं ते हसणं आम्हाला नंतर फार लागलं, कारण आजी चुकल्याच नव्हत्या.

मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली. कसाऱ्यापर्यंत रूळ आले १८६१ मध्ये. पुढे थळ घाट उभा. तो फोडून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडलं. घाटात ३७ फूट पुढे गेलं की एक फूट चढ. एवढा चढ एका इंजिनाला ओढवत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि इगतपुरीला सुटतात. त्यांना आपल्याकडे शाळकरी पोरंही बँकर म्हणतात.

जुन्या इंग्रजीत 'बँक' म्हणजे मातीचा उंचवटा, चढ. चढावर लावायचं इंजिन म्हणून ते बँकर. पैशाची बँक आली इटलीतून. तिथले सराफ बाकड्यावर नाणी मांडून बसत, त्या बाकाचं नाव 'बांका'. आज इंग्रजी शिकलेल्यालाही बँक म्हटलं की पैसा आठवतो, फार तर नदीचा काठ. चढाचा अर्थ रेल्वेवाल्यांनी टिकवला, आणि आपल्या आजीने.

चुलीशेजारचं रॉकेलही तसंच. मूळ शब्द 'रॉक ऑइल', खडकातलं तेल. इंग्रजीत आता केरोसीन म्हणतात. आजोबांच्या पाटलोणीला आपण हसतो, पण 'पँटलून' शब्द कापून 'पँट' केली ती इंग्रजी बोलणाऱ्यांनीच! आणि गंमत बघा, प्लॅटफॉर्मचा फलाट झाला तो पुस्तकात छापतात, सिग्नलचं सिंगल म्हटलं की मात्र बाई अडाणी. हा न्याय कुणी केला?

आम्ही आता एक वही केली आहे. म्हाताऱ्या बायांच्या तोंडचे असे शब्द तिच्यात उतरवतो. पहिला शब्द बँकर, सांगणाऱ्या त्याच आजी. माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि वेगळीच गोष्ट काढली. बँकर लागेपर्यंत गाडी थांबायची, तेवढ्यात त्यांची करवंदांची टोपली रिकामी व्हायची. आता राजधानीसारखी गाडी पुढे-मागे स्वतःचीच इंजिनं लावून येते, तिला बँकरसाठी थांबावं लागत नाही. "सगळ्याच गाड्या अशा झाल्या," आजी म्हणाल्या, "तर करवंदं कुणाला विकायची?"

वहीत हेही लिहून घेतलं आहे.