बेज रंग शेड कार्डवर भारी दिसतो, मग भिंतीवर गेल्यावर गुलाबी का होतो?

घराचं रंगकाम निघालं की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. आईला क्रीम हवा असतो, बाबांना मळकट न दिसणारा काहीतरी आणि रील्स बघून बसलेल्यांना हॉटेलच्या रूमसारखा शांत लूक. शेवटी सगळ्यांचं एकमत होतं ते बेजवर. पेंटर येतो, दोन हात मारून होतात, रात्री ट्यूबलाइट लागते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "हा तर गुलाबी दिसतोय."

आता दुकानातल्या मशीनवर बनवून घेतलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणजे रंगाचे पैसे परत, मजुरी परत आणि कपाटं परत चादरीखाली. म्हणून हे आधीच समजून घेतलेलं बरं.

पहिली गोष्ट म्हणजे बेज हा एक रंग नाहीच. शब्द मूळचा फ्रेंच. न रंगवलेल्या, नैसर्गिक रंगाच्या लोकरीच्या कापडाला तिकडे बेज म्हणायचे. मेंढीगणिक लोकर वेगळी, तसाच हा रंगही. खरं तर बदामी, मोतिया, बिस्किट कलर, सायीचा रंग हे आपले शब्द जास्त नेमके आहेत. चार जणांनी 'बेज' म्हटलं तर चौघांच्या डोक्यात चार रंग असतात, 'बिस्किट कलर' म्हटलं की निदान बशी तरी एकच असते.

गडबड नेमकी कुठे होते?

दुकानातलं मशीन पांढऱ्या बेसमध्ये थोडीथोडी रंगद्रव्यं सोडतं. बेजसाठी मुख्यतः पिवळं, तांबडं आणि काळं. तिन्ही अगदी किंचित, पण त्यातलं जे थोडं जास्त पडतं तिकडे रंग झुकतो. तांबडं जास्त झालं की गुलाबीकडे, पिवळं जास्त झालं की कस्टर्डकडे. पिवळ्यात काळं मिसळलं की हिरवट झाक येते, आणि काळं आणखी वाढलं की राखाडीकडे जाणारा तो 'ग्रेज'.

ही झाक शेड कार्डच्या छोट्याशा चौकोनात कळत नाही. तो चौकोन दीड-दोन इंचांचा आणि आपली भिंत बारा फुटांची. शिवाय खोलीत समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर प्रकाश फेकतात आणि तोच रंग अजून गडद करतात. कार्डवर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या, असं अनेकदा सांगतात ते याचसाठी.

झाक ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्याच पट्टीवरचा सगळ्यात गडद रंग बघायचा. फिक्या शेडमध्ये लपलेला गुलाबी किंवा हिरवा तिथे उघड दिसतो. दुसरी युक्ती, चार बेज शेजारी शेजारी ठेवायचे. एकटा ठेवलेला प्रत्येक बेज सभ्यच वाटतो, शेजारी दुसरा आला की कोण किती पिवळा ते लगेच समजतं.

आधी खाली बघा

रंग निवडताना सगळे भिंतीकडे बघतात. बघायला हवं फरशीकडे, कारण भिंत चार दिवसांत बदलते, फरशी वीस वर्षं तशीच राहते. नव्या फ्लॅट्समध्ये बहुतेक ठिकाणी आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, आणि त्यातल्या बऱ्याच स्वतःच पिवळसर किंवा गुलाबीसर बेज असतात. तिथे दुसऱ्या झाकेचा बेज भिंतीला दिला की दोघांपैकी एक मळलेला वाटतो. जुन्या घरात कोटा किंवा शहाबादी फरशी असेल तर तिची छटा थंड, हिरवट-करडी. तिच्यावर गुलाबी बेज म्हणजे भिंतीला पावडर-फाउंडेशन लावल्यासारखं दिसतं. तिथे राखाडीकडे झुकणारा बेज जास्त शोभतो. सागवानी दारं असतील तर लाकडातच नारिंगीपणा असतो, भिंतही पिवळट घेतली की सगळं घर हळदीचं वाटू लागतं.

अजून एक बारीक गोष्ट. स्विचबोर्ड, प्लास्टिकच्या खिडक्या आणि एसी हे बऱ्याचदा निळसर पांढरे असतात. त्यांच्या शेजारी गडद बेज कितीही महागाचा असला तरी धुरकट दिसतो.

रंग बदलतो की प्रकाश?

इथे एक किस्सा सांगायलाच हवा. 2002 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कार्ल ग्लेझब्रुक आणि इव्हान बाल्ड्री या खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून जास्त आकाशगंगांचा प्रकाश एकत्र करून विश्वाचा सरासरी रंग काढला. आधी उत्तर आलं फिकट हिरवट निळा. जगभर बातम्या झाल्या. नंतर लक्षात आलं की सॉफ्टवेअरमध्ये 'पांढरा' कशाला मानायचं, तिथेच चूक होती. ती दुरुस्त केल्यावर रंग निघाला चक्क बेज. त्याचं नाव ठेवलं कॉस्मिक लाटे.

पांढरं कशाला म्हणायचं हे बदललं की हिरवट निळ्याचा बेज होतो, तर आपल्या हॉलचं काय घेऊन बसलात. आपला डोळा आसपासच्या प्रकाशालाच पांढरं धरून बाकीचे रंग ठरवतो. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर वॉर्म प्रकाश, 6500 म्हणजे आपल्याकडच्या ट्यूबलाइटचा निळसर पांढरा. पिवळट बेज वॉर्म लाइटखाली आणखी पिवळा होतो. गुलाबी किंवा राखाडी बेज 6500 खाली थंड, कधी कधी आजारी वाटतो. त्यामुळे दिवे बदलायचे असतील तर ते रंगाच्या आधी बदला. हा क्रम बहुतेक घरांत उलटा असतो.

दिवसाच्या प्रकाशाचंही तेच. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी ऊन नारिंगी होतं. उत्तरेच्या खोलीत वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, तिथे थोडा उबदार बेज चालतो. पण शहरात दिशेपेक्षा शेजारची बिल्डिंग जास्त महत्त्वाची. समोर चार फुटांवर विटकरी भिंत असेल तर तिचा रंग तुमच्या खोलीत येणारच. दिवाळीआधीच्या लख्ख उन्हात निवडलेला रंग जुलैच्या ढगाळ दुपारी मातकट दिसतो, हेही मनात ठेवा.

अंधाऱ्या खोलीसाठी एक आकडा कामाचा आहे, एलआरव्ही. रंग किती प्रकाश परत फेकतो ते तो 0 ते 100 मध्ये सांगतो. अनेक कंपन्यांच्या वेबसाइटवर शेडसोबत दिलेला असतो. एकच खिडकी असेल तर मी 65-70 च्या खाली जाणार नाही.

मग ठरवायचं कसं?

मोबाईलच्या स्क्रीनवर तर नक्कीच नाही. दोन-तीन शेडच्या सगळ्यात छोट्या डब्या आणा. भिंतीवर थेट ठिपका मारू नका, कारण मागचा जुना रंग नजर फसवतो. दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर आधी पांढरा प्रायमर आणि मग दोन हात मारा. पूर्ण वाळू द्या, इमल्शन वाळल्यावर सहसा गडद होतं. मग तो पुठ्ठा सोफ्यामागे, खिडकीसमोर, कोपऱ्यात असा फिरवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. दोन दिवस जातात, पण वाद तिथेच मिटतात.

फिनिशही तेव्हाच ठरवा. चकचकीत फिनिश पुसायला सोपं, पण पुट्टीचे उंचसखल भाग उघडे पाडतं. मॅट ते झाकतं, पण त्यावर लहान मुलांच्या हाताचे डाग लवकर दिसतात.

रंग किती लागेल याचा हिशेब आधी करा. दहा बाय बाराची खोली आणि साडेनऊ फूट उंची असेल तर भिंती होतात 418 चौरस फूट. दार-खिडक्या वजा करून 350 धरा. डब्यावर दोन हातांसाठी लिटरमागे 120 चौरस फूट लिहिलं असेल तर साधारण तीन लिटर लागतील. हे एकदमच घ्या. वेगळ्या दिवशी बनवलेला तोच नंबर किंचित वेगळा निघू शकतो आणि बेजमध्ये तो फरक भिंतीच्या मधोमध दिसतो. दोन डबे असतील तर पेंटरला ते मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यायला सांगा.

काम झाल्यावर शेडचा कोड, बेस आणि फिनिश कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. डबा भंगारात जातो, आणि दोन वर्षांनी सोफा घासून भिंतीला ओरखडा पडला की दुकानदार सगळ्यात आधी तोच नंबर विचारतो.