महाविद्यालयीन विद्यार्थी आणि लष्करी अधिकारपद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

लष्करी अधिकाऱ्याच्या घडणीचा विचार करताना खडकवासला आणि डेहराडून येथील प्रबोधिनींचा उल्लेख प्रथम होतो. मात्र सकाळी कवायत आणि नंतर वर्गातील तास अशा दुहेरी शिस्तीत वाढणारा महाविद्यालयीन विद्यार्थी या दोन्ही संस्थांहून जुना आहे. डेहराडूनची भारतीय सैनिकी प्रबोधिनी १९३२ मध्ये सुरू झाली, तर विद्यापीठांतील सैनिकी तुकड्यांचा प्रारंभ १९१७ मध्ये झाला. प्रस्तुत लेखात या विद्यार्थ्याचा प्रवास एका प्रश्नाच्या आधारे तपासला आहे. कवायतीचे मैदान ओलांडल्यावर त्याच्यासमोर अधिकारपदाचे दार खुले होते काय?

वसाहतकाळ : हाती बंदूक, अधिकारपद दूर

पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची टंचाई जाणवू लागल्याने १९१७ च्या भारतीय संरक्षण दलविषयक कायद्यान्वये विद्यापीठांत सैनिकी तुकड्या उभारल्या गेल्या. १९२० च्या प्रादेशिक सेना कायद्यानंतर त्यांचे रूपांतर विद्यापीठ प्रशिक्षण दलात झाले. गणवेश, संचलन, नेमबाजी आणि वार्षिक शिबिर हे त्याचे स्वरूप होते.

या अनुभवाची सर्वांत बोलकी साक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आत्मचरित्रात सापडते. कोलकात्याच्या स्कॉटिश चर्च महाविद्यालयात शिकत असताना ते विद्यापीठाच्या तुकडीत दाखल झाले. एरवी भारतीयांना मज्जाव असलेल्या फोर्ट विल्यममध्ये बंदुका आणण्यासाठी तुकडी संचलन करीत गेली. तेव्हा अन्यायाने हिरावलेली हक्काची वस्तू परत मिळत असल्यासारखे समाधान वाटल्याचे त्यांनी नोंदवले आहे. शासनाला हवा होता आज्ञाधारक राखीव सैनिक; विद्यार्थ्याला मात्र त्याच कवायतीतून स्वत्वाची जाणीव होत होती.

अधिकारपदाचे दार मात्र जवळजवळ बंदच होते. १९१८ पासून सँडहर्स्ट येथे भारतीयांसाठी वर्षाला केवळ दहा जागा ठेवण्यात आल्या. १९१८-१९ मध्ये इंदूरच्या डेली कॉलेजमध्ये चाललेल्या प्रशिक्षणातून पुढे भारताचे सरसेनापती झालेले करिअप्पा यांच्यासारखे अधिकारी बाहेर पडले. परंतु ही संधी मोजक्यांनाच लाभली. १९२५ मध्ये नेमलेल्या स्कीन समितीने भारतातच सैनिकी महाविद्यालय काढण्याची शिफारस केली आणि त्यानंतर काही वर्षांनी डेहराडूनची संस्था उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची निकड भासताच भारतीय तरुणांना तातडीची कमिशने दिली जाऊ लागली. १९४२ मध्ये विद्यापीठ प्रशिक्षण दलाच्या नावात ‘अधिकारी’ हा शब्द आला, ही बाब अर्थपूर्ण आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ : नागरिक की अधिकारी?

१९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालावर आधारलेला राष्ट्रीय छात्रसेना कायदा १९४८ मध्ये संमत झाला. चारित्र्य, बंधुभाव, सेवा आणि नेतृत्व या गुणांचा विकास करणे आणि आणीबाणीच्या प्रसंगी सेनादलांचा विस्तार करता यावा यासाठी भावी अधिकाऱ्यांचा राखीव साठा निर्माण करणे, अशी उद्दिष्टे छात्रसेनेपुढे ठेवण्यात आली. छात्रावर प्रत्यक्ष युद्धसेवेचे बंधन मात्र ठेवण्यात आले नाही. त्यामुळे ‘उत्तम नागरिक’ आणि ‘भावी अधिकारी’ या दोन अपेक्षा एकाच गणवेशात नांदू लागल्या.

या दोहोंतील ताण १९६२ च्या चीन युद्धानंतर उघड झाला. अधिकाऱ्यांची उणीव भरून काढण्यासाठी पुणे आणि मद्रास येथे प्रशिक्षण शाळा काढून तातडीची कमिशने देण्यात आली. तर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची झाली. १९६८ मध्ये ही सक्ती मागे घेण्यात आली आणि पुढील वर्षी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सरसकट सर्वांना उभे केलेल्या रांगेत ज्याला खरोखर अधिकारी व्हायचे आहे तो विद्यार्थी वेगळा दिसत नाही. नेतृत्वाचे शिक्षण स्वेच्छेने पत्करावे लागते, हा या पर्वाचा धडा होय.

विद्यार्थिनींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. छात्रसेनेत मुलींचा विभाग १९४९ मध्ये सुरू झाला. परंतु वैद्यकीय आणि परिचर्या सेवा वगळता स्त्रियांना भूसेनेत अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला तो १९९२ मध्ये. म्हणजे ४३ वर्षे विद्यार्थिनींनी तीच कवायत केली, त्याच आज्ञा दिल्या; मात्र मैदानाच्या पलीकडे त्यांच्यासाठी वाट नव्हती. १९१७ च्या विद्यार्थ्याची स्थिती स्वतंत्र भारतात विद्यार्थिनीच्या वाट्याला आली, असे म्हणणे अतिशयोक्त ठरू नये. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार त्यांच्यासाठी २०२२ मध्ये उघडले.

छात्राचे जीवन आणि प्राध्यापकाची भूमिका

पदवीच्या तीन वर्षांत छात्र कवायत, शस्त्रहाताळणी, नकाशावाचन आणि शिबिरजीवन यांतून ‘ब’ आणि ‘क’ प्रमाणपत्रांपर्यंत पोहोचतो. कॉर्पोरल, सार्जंट, अंडर ऑफिसर अशा पायऱ्या चढताना त्याला आपल्याच वर्गमित्रांना आज्ञा द्यावी लागते आणि त्यांच्या चुकांची जबाबदारीही घ्यावी लागते. वर्गात मागच्या बाकावर अबोलपणे बसणारा विद्यार्थी मैदानावर तुकडी समर्थपणे सांभाळताना दिसतो, तेव्हा गुणवत्तेचे आपले मोजमाप अपुरे असल्याची जाणीव होते. ‘क’ प्रमाणपत्रात आवश्यक श्रेणी आणि पदवीला ५० टक्के गुण असलेल्या छात्राला लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळासमोर जाता येते. तेथे बुद्धिमापन, मानसशास्त्रीय चाचण्या, गटकार्य आणि मुलाखत यांतून निवड झाल्यास आणि वैद्यकीय तपासणीत तो पात्र ठरल्यास चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीचा मार्ग मोकळा होतो.

या सर्व व्यवस्थेचा कणा म्हणजे छात्रसेनेचा सहयोगी अधिकारी; आणि तो बहुधा प्राध्यापकच असतो. नागपूरजवळील कामठी येथे प्रशिक्षण घेऊन तो दोन्ही गणवेशांची जबाबदारी पेलतो. लष्करी परंपरा नसलेल्या घरातील विद्यार्थ्याला विशेष प्रवेशाची माहिती बहुधा त्याच्याकडूनच मिळते. त्याने ती दिली नाही, तर कायद्याने उघडलेले दारही त्या विद्यार्थ्यापुरते बंदच राहते.

समारोप

वसाहतकालीन शासनाने विद्यार्थ्याला बंदूक दिली, पण अधिकारपद दूर ठेवले. स्वतंत्र भारताने ते दार प्रथम विद्यार्थ्यांसाठी आणि दीर्घ विलंबाने विद्यार्थिनींसाठी उघडले. २०२१ पासून छात्रसेनेला श्रेयांक असलेला ऐच्छिक विषय म्हणून स्थान देण्याचे धोरण पुढे आले आहे. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी कवायत केवळ श्रेयांकांपुरती उरली तर १९६३ च्या सक्तीचाच अनुभव नव्या रूपात येण्याचा संभव आहे. म्हणून हजेरीपटावर किती छात्र आहेत, यापेक्षा त्यांच्यापैकी किती जणांना पुढची वाट दाखवली, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःला विचारणे आवश्यक आहे.