मुधोळचा ळ

तेलंगणातल्या मुधोळच्या नावातले शेवटचे अक्षर लिपी बदलली की बदलते. तेलुगूत गाव सहसा ‘मुधोल्’ असे लिहितात. निजामाच्या काळात कचेरीची भाषा उर्दू; तिच्या लिपीत ळ नाही, लाम आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्याने मुधोळ तालुका फोडला. मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले नांदेड जिल्ह्यातून निघून आंध्र प्रदेशच्या आदिलाबाद जिल्ह्यात गेली, उरलेला तालुका मुंबई राज्याकडे आला. त्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात गाव ‘मोधोल’ झाले आहे. २०१६मध्ये आदिलाबाद जिल्हाही सुटला आणि निर्मल आला. ळ उरला तो मराठी तोंडात. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातले दुसरे मुधोळ, शिकारी कुत्र्यांचे, त्या मानाने नशीबवान. कन्नडमध्ये त्याचा ळ शाबूत आहे.

तेलुगूला हा वर्ण परका आहे असे मुळीच नाही. पाण्याला ती ‘नीळ्ळु’ म्हणते, घरांना ‘इळ्ळु’. जवळच गोदाकाठी बासरच्या सरस्वतीपुढे दोन्हीकडची पोरे पाटीवर पहिले अक्षर गिरवतात. मराठी त्याला ओनामा म्हणते, तेलुगू मुळाक्षरांना ‘ओनमालु’. दोन्ही भाषांच्या वर्णमालेत ळ येतो तो ह नंतर, पंगत उठता उठता आलेल्या पाहुण्यासारखा. ल च्या शेजारी त्याला कोणी बसवले नाही, कारण मूळ मांडणी संस्कृतची आणि अभिजात संस्कृतात ळ नाही.

वेदात मात्र आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्तातला दुसराच शब्द ‘ईळे’. दोन स्वरांच्या मध्ये ड सापडला की ऋग्वेदाच्या पाठात त्याचा ळ होतो, ढ चा ळ्ह. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला टेकवायचे, हवा दोन्ही कडांनी जाऊ द्यायची आणि जीभ झटकन पुढे सोडायची: हा खटाटोप दोन स्वरांच्या मधोमध सहज जमतो. शब्दाच्या आरंभी मराठीने तो कधी मागितलाच नाही. ळ ने सुरू होणारा आपला शब्द नाही.

मराठीतला थोडा ळ ड च्या याच वाटेने आला. षोडशचे सोळा, गुडचा गूळ, तडागाचे तळे. पण मोठी आवक ल कडून झाली, आणि तिथला हिशेब फार चोख आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत ळ झाला. जोड ल्ल मात्र एकेरी होऊन ल च राहिला. फलचे फळ झाले, कदलीची केळ झाली, पण तैलाचे प्राकृतात ‘तेल्ल’ झाले होते म्हणून आपण तेल म्हणतो, तेळ नाही. बिल्वाचे ‘बेल्ल’, म्हणून बेल. काळ आला कालावरून आणि कालचा दिवस आला कल्यावरून, ‘कल्ल’ होऊन. वेळ ही वेला, वेल ही वल्ली. आज आपण ल-ळ च्या एवढ्याशा फरकावर अर्थ तोलतो, तो फरक जुन्या जोडाक्षराची खूण आहे. जे शब्द हा बदल उरकल्यावर दारात आले त्यांना तो लागला नाही: फारसी-अरबीकडचे माल, दलाल, संस्कृतातून थेट उचललेले बल, कला. कमळ आणि कमल दोघेही नांदतात, एक वारशाने आलेला, एक दत्तक.

ळ आपल्याला द्राविडी शेजाऱ्यांनी दिला, असे अनेकदा सांगितले जाते. तमिळ, कन्नड, तेलुगूत तो पक्का रुजलेला आहे आणि हिंदी-बंगालीत नाही, त्यामुळे मत पटण्याजोगे वाटते. मला ते अर्धेच पटते. गुजराती, राजस्थानी, ओडिया आणि थेट पंजाबीतही ळ आहे आणि तिथेही एकेरी ल चाच ळ झालेला दिसतो. पंजाबला कोणता कन्नड शेजार? शेजाराने आपला ळ घट्ट धरून ठेवायला मदत केली असेल. नियम घरचा आहे. पंजाबी लिहिणाऱ्यांनी तर त्याच्यासाठी वेगळे अक्षरही घडवले नाही, गुरुमुखीतल्या ल च्या पायाशी एक टिंब दिले, आणि तेही द्यायचे बऱ्याच जणांचे राहूनच जाते.