हरित छत आणि छतावरील जलव्यवस्थापन : धाराशिव जिल्हा

हरित छत म्हणजे इमारतीच्या सपाट किंवा मंद उताराच्या छतावर जलरोधक लेप, मुळे आत शिरू न देणारा पडदा, निचऱ्याचा थर, गाळणकापड आणि हलके मातीमिश्रण असे थर एकावर एक देऊन त्यांत वनस्पती वाढवण्याची रचना होय. मातीचा थर सुमारे १५ सेंमी.पर्यंत असला, तर त्यात गवत व रसाळ पानांच्या वनस्पती जगतात. त्याहून जाड थरात झुडपे लावता येतात, पण छतावरचा भार आणि पाण्याची गरज दोन्ही वाढतात. या तंत्राची आधुनिक घडण मुख्यतः १९७० नंतर जर्मनीत झाली. तेथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात मात्र वर्षाचा ७०० ते ८०० मिमी. पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यामुळे येथील विद्यापीठीय इमारतींच्या छतांचा विचार पाण्याच्या हिशेबापासून सुरू करावा लागतो.

छतावर माती ठेवण्याची कल्पना या भागाला नवी नाही. मराठवाड्यातील माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या किंवा किलच अंथरून वर माती चोपून केलेले सपाट छत, हे येथील जुन्या घरांचे ठळक लक्षण आहे. पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर देत, पावसाचे पाणी पन्हळीतून बाहेर काढीत, एरवी त्यावर धान्य व मिरच्या वाळवीत आणि उन्हाळ्याच्या रात्री तेथेच झोपत. जाड मातीमुळे घर भर दुपारीही थंड राही. माळवदावर उगवलेले गवत मात्र उपटून टाकले जाई, कारण मुळांच्या वाटेने पाणी झिरपून छत गळू लागे. हरित छतातील मुळे अडवणारा पडदा हे याच जुन्या अडचणीवरचे उत्तर आहे. दरसाल भर पडत गेल्याने काही माळवदांची जाडी अर्ध्या मीटरपुढे गेली, आणि हे वजन पुढे जिवावर बेतले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी (जि. लातूर) परिसरात सुमारे ६.२ महत्तेचा भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. धाराशिवच्या बाजूला सास्तूर व त्याच्या आसपासच्या गावांना मोठा तडाखा बसला. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि त्यांच्यावर टेकलेली माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. जेथे छताचा भार भिंतींऐवजी लाकडी खांबांच्या चौकटीवर, म्हणजे खणांवर होता, तेथे भिंती पडूनही पुष्कळ ठिकाणी छत उभे राहिले. ज्या प्रदेशाने हे सोसले, तेथे छतावर पुन्हा माती चढवण्याआधी भार मोजणे हे स्थापत्याचे पहिले कर्तव्य ठरते. ४५ सेंमी. जाडीच्या माळवदाचा भार दर चौ. मी.ला ७०० किग्रॅ.च्या घरात जातो. भारतीय मानकानुसार माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी सुमारे १५० किग्रॅ. अधिभार धरतात, आणि १० सेंमी. साधी माती पावसात पूर्ण भिजली की तेवढ्यानेच ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून शेतातली काळी माती वर टाकणे धोक्याचे असून कोकोपीट, विटांचा चुरा यांसारखे हलके मिश्रण वापरावे लागते, आणि जुन्या इमारतीत तेही स्लॅबची तपासणी केल्यावरच. हलके बांधकामसाहित्य या जिल्ह्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तेर येथील प्राचीन मंदिराच्या विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या आहेत.

पाण्याचा हिशेब त्याहून कठोर आहे. १ चौ. मी. छतावर १ मिमी. पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. १,००० चौ. मी. छतावर ७५० मिमी. पाऊस पडला आणि बाष्पीभवन व सांडणे यांत पाचवा हिस्सा गेला, तर वर्षाला सुमारे ६ लाख लिटर पाणी हाती येते. त्याच छतावर हिरवळ लावून कोरड्या आठ महिन्यांत दर चौ. मी.ला रोज केवळ ३ लिटर पाणी दिले, तरी सुमारे ७ लाख २० हजार लिटर लागतात. छत जेवढे देते त्याहून अधिक स्वतःच पिऊन टाकते. शिवाय मातीतून उतरलेले पाणी गढूळ व रंगीत होत असल्याने ते पिण्याच्या टाकीत घेता येत नाही. उघड्या छताचे पाणी मात्र पहिल्या सरीचे धुवण बाहेर सोडून व वाळू-कोळशाच्या गाळणीतून टाकीत घेता येते, आणि उरलेले विहिरीत सोडता येते. जिल्ह्याच्या बेसाल्ट खडकात पाणी मुरूम व भेगांतूनच मुरत असल्यामुळे सगळा भरवसा पुनर्भरणावर न ठेवता टाकी आधी भरणे श्रेयस्कर असते.

जिल्ह्यातील उच्च शिक्षणाच्या परिसरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे धाराशिव येथील उपकेंद्र आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूर येथील परिसर हे प्रमुख होत. अशा परिसरांत वर्गखोल्या उन्हाळ्यात तापतात आणि तहान मात्र वसतिगृहांना अधिक लागते, म्हणून दोन्ही प्रकारच्या छतांची कामे वेगळी ठेवणे योग्य ठरते : मोठी, स्वच्छ छते पाणी साठवण्यासाठी, आणि वरच्या मजल्यावरील तापणाऱ्या खोल्यांवरचा मोजका भाग हिरवळीसाठी. तेथे कोरफड, घायपात, पानफुटी व माळावरची गवते टिकतात. ही गवते उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात, म्हणून बाराही महिने हिरव्या छताचा हट्ट येथे सोडून द्यावा लागतो. पिंपळ व उंबर यांची आपोआप उगवलेली रोपे मात्र लहान असतानाच काढावी लागतात.

हिरवळीला जे पाणी लागेल ते ताजे नसावे, एकदा वापरलेले असावे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत वसतिगृहासाठी दर माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले आहे. २०० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा रोजचा वापर त्यानुसार २७,००० लिटर होतो. त्यातील निम्मे, म्हणजे अंघोळीचे व धुण्याचे, पाणी जरी कर्दळ-पाणकणसाच्या वाफ्यातून शुद्ध करून घेतले, तरी १,००० चौ. मी. हिरव्या छताला रोज लागणारे ३,००० लिटर त्यातून भागतात आणि परिसरातील झाडांसाठी सुमारे १०,००० लिटर उरतात.