प्रतिसहकाराचा वाद



दादर स्थानकाच्या पूर्वेकडून शिवाजी पार्काकडे जावयास निघालेल्या मनुष्यास प्रथम टिळक पूल ओलांडावा लागतो. पश्चिमेस उतरल्यावर रानडे रस्ता आहे, गोखले रस्ता आहे आणि त्यांच्या जवळच न. चिं. केळकर यांच्या नावाचा रस्ता आहे. हयातीत ज्यांचे एकमेकांशी फारसे पटले नाही, त्यांना मुंबईने मरणोत्तर असा शेजार दिला आहे! रानडे, गोखले व टिळक यांच्यामधील मतभेदांची माहिती शाळेतील मुलांसही असते. परंतु ज्या तात्यासाहेब केळकरांच्या नावाची पाटी आपण रोज वाचतो, त्यांनी स्वतःच्याच पक्षाशी मांडलेला वाद आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. शिवाजी पार्कचे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. त्या वेळी त्यास माहीम पार्क म्हणत; अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ साली त्यास शिवछत्रपतींचे नाव मिळाले. ज्या वादाची हकीकत मी आज सांगणार आहे, तो नेमका या दोन सालांच्या दरम्यान घडला.

प्रश्न थोडक्यात असा होता: ज्या पक्षाच्या नावावर आपण निवडून आलो, त्या पक्षाचे धोरण चुकत आहे अशी मनाची खात्री झाली, आणि पुढची निवडणूक तर वर्षावर येऊन ठेपली, अशा वेळी निष्ठा कोणाशी राखावयाची?

ही मंडळी टिळकांच्या तालमीत तयार झालेली होती. केळकर, नागपूरचे डॉ. मुंजे, वऱ्हाडचे बापूजी अणे व मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ही त्यांतील प्रमुख नावे. जयकरांचा पिंड इतरांहून थोडा वेगळा होता, तरी राजकारणात ते यांच्याच पंक्तीस बसले. जुन्या वळणाची माणसे म्हणून त्यांची टवाळी होत असे, आणि ती सर्वस्वी निराधार होती असेही नाही. नवे आंदोलन, खिलाफतीची सांगड, महिन्याला २,००० वार सूत काँग्रेसला दिले तरच सभासदत्व हा १९२४च्या बेळगाव अधिवेशनाने कायम केलेला नियम, यांपैकी कशानेच त्यांचे मन भरले नव्हते. कायदे कौन्सिल, वृत्तपत्र, जाहीर सभा व कायद्याचा कीस ही त्यांची जुनी हत्यारे. ती म्यान करून चरख्यापाशी बसणे त्यांस जड गेले. तरीही १९२० साली काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्कार पुकारला, तेव्हा या टिळकानुयायांनी मनाविरुद्ध आज्ञा पाळली व उमेदवाऱ्या मागे घेतल्या. पक्षशिस्त त्यांस ठाऊकच नव्हती, असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

गयेच्या अधिवेशनात फेरवादी व नाफेरवादी अशी फूट पडली आणि १९२३च्या आरंभी देशबंधू दास व पंडित मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. कौन्सिलात शिरावयाचे, पण सरकारची अडवणूक करण्यासाठी. दिवाणगिरी स्वीकारावयाची नाही, अशी त्या पक्षाची प्रतिज्ञा होती. महाराष्ट्रीय मंडळी तीत आनंदाने सामील झाली. कौन्सिलाचे दार उघडले हेच त्यांस पुष्कळ होते. आत गेल्यावर काय करावयाचे याची चिकित्सा पुढे करू, असा त्यांचा हिशेब असावा. माझ्या मते त्यांची पहिली चूक येथेच झाली. प्रतिज्ञेचे शब्द सर्वांचे एक होते, अर्थ मात्र ज्याचा त्याने मनात वेगळा ठेवला होता.

१९२३च्या नोव्हेंबरात निवडणुका झाल्या. मुंबई कौन्सिलात स्वराज्य पक्षाचे नेतृत्व जयकरांकडे आले. केळकर दिल्लीच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले. मध्यप्रांत व वऱ्हाडात तर पक्षास स्वतःचे बहुमत मिळाले. तेथे त्यांनी मंत्र्यांचे पगार नाकारून द्विदल राज्यपद्धती बंद पाडली. परिणाम काय झाला? शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही जी खाती लोकप्रतिनिधींच्या हाती यावयाची, ती गव्हर्नराने स्वतःकडे घेतली. सरकार अडले नाही. लोकांच्या हातची खाती मात्र गेली. नागपूर व अमरावतीकडील वकीलवर्गात कुजबुज सुरू झाली ती या अनुभवाने. १९१९च्या कायद्याप्रमाणे प्रांतिक कौन्सिलांची मुदत ३ वर्षांची. निम्मी मुदत संपली, हाती काय लागले, असे मतदार विचारू लागले तर उत्तर काय द्यावयाचे?

१६ जून १९२५ रोजी देशबंधू निवर्तले आणि पक्षाचा सांधणारा दुवा निखळला. त्याच ऑक्टोबरात बॉम्ब पडला. मध्यप्रांत कौन्सिलाचे स्वराज्य पक्षीय अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलालजी संतापले. पक्षशरीराचा रोगट अवयव कापून टाकला पाहिजे, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार गाजले. महाराष्ट्रीयांस हे शब्द झोंबले, कारण अवयव म्हणजे एकटे तांबे, असे कोणीच समजले नाही.

केळकर-जयकरांनी तांब्यांची बाजू कशी मांडली हे पाहण्यासारखे आहे. विठ्ठलभाई पटेल ऑगस्ट १९२५मध्ये वरिष्ठ कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले, ते पद सरकारी व्यवस्थेतील नव्हे काय? स्वतः मोतीलालजी लष्करी शिक्षणाविषयीच्या स्कीन कमिटीवर बसले, हा सहकार नव्हे काय? मग तांबे तेवढे पापी कसे? वकिली युक्तिवाद म्हणून हा बिनतोड आहे. पण कार्यकारी मंडळाचा सभासद सरकारचाच घटक होतो, कायदेमंडळाचा अध्यक्ष तसा होत नाही, हा फरक केळकरांसारख्या कायदेपंडितास दिसला नसेल असे मला वाटत नाही. तांब्यांच्या कृत्याचे समर्थन हा त्यांचा खरा हेतूच नव्हता. त्या निमित्ताने अडवणुकीच्या धोरणाचीच फेरतपासणी त्यांस करावयाची होती.

आधारासाठी ते लोकमान्यांकडे वळले. डिसेंबर १९१९मध्ये अमृतसरच्या काँग्रेसला जाताना टिळकांनी बादशहाच्या जाहीरनाम्यावर तार पाठवून प्रतियोगी सहकारितेचे सूत्र सांगितले होते: सरकार जितके देईल तितक्या प्रमाणात सहकार, आणि न देईल तेथे विरोध. यावरूनच प्रतिसहकार हे नाव आले. विरोधकांचे म्हणणे असे की, टिळक आज असते तर तेही रणांगणातच दिसते. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात ज्यांचा अंत झाला, त्यांच्या मुखी १९२५ सालचे मत घालण्याचा हा उद्योग दोन्ही बाजूंनी केला. गुरूचे नाव पुढे केले की स्वतःच्या मताची जबाबदारी हलकी होते, हे त्याचे कारण असावे.

परंतु कसोटीची खरी वेळ पुढेच होती. सप्टेंबर १९२५मध्ये पाटण्यास काँग्रेसने आपले कौन्सिलविषयक राजकारण स्वराज्य पक्षाकडे सोपविले होते. अर्थात पक्षाशी भांडणे म्हणजे काँग्रेसशीच भांडणे झाले. ज्या संस्थेत हयात घालविली तिच्याविरुद्ध निवडणूक लढवावयाची की ओठ मिटून बसावयाचे, हा पेच केवळ पुढाऱ्यांपुढे नव्हता. पुण्या-नागपुरात, गिरगावात, 'केसरी'च्या वाचकांच्या घरोघरी तो होता. एका पक्षाचे म्हणणे, आत राहून मत वळवावे. बाहेर पडणारा सरकारच्या पथ्यावर पडतो. दुसऱ्याचे म्हणणे, जे धोरण खोटे वाटते त्याच्या नावाने मते मागणे ही मतदारांची फसवणूक होय. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, म्हणूनच वाद कडवट झाला.

विलायतेत हाच पेच तीनच वर्षांपूर्वी पडला होता. १९ ऑक्टोबर १९२२ रोजी लंडनच्या कार्लटन क्लबात हुजूर पक्षाचे सभासद जमले. लॉइड जॉर्ज यांच्या संयुक्त सरकारात राहावे असे पक्षनेते ऑस्टिन चेंबर्लेन सांगत होते. सभासदांनी नेत्याचे ऐकले नाही, सरकार गडगडले व पुढल्याच महिन्यात निवडणूक झाली. तेथे बंडखोरांची संख्या अधिक होती, म्हणून पक्षाचे नाव व घर त्यांच्याकडेच राहिले. आपल्या मंडळींचे तसे नव्हते. घर त्यांसच सोडावयाचे होते.

ते त्यांनी सोडले, आणि कसे सोडले हे मला या हकीकतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते. डिसेंबर १९२५मध्ये कानपूरला सरोजिनी नायडूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. तेथे जयकरांनी आपला, केळकरांचा व मुंज्यांचा कायदेमंडळांतील जागांचा राजीनामा जाहीर केला. पक्षाच्या तिकिटावर मिळालेली जागा पक्ष सोडताना परत केली पाहिजे, असे त्यांस सांगणारा कायदा तेव्हा नव्हता. पक्षांतराबद्दल सभासदत्व रद्द करणारी ५२वी घटनादुरुस्ती व दहावे परिशिष्ट १९८५ साली आले, म्हणजे ६० वर्षांनंतर. आणि त्यातून निसटण्याच्या वाटाही आपल्याकडे लवकरच शोधण्यात आल्या! निवडणूक वर्षभरावर आली असता राजीनाम्याची किंमत ती काय, असे कोणी म्हणेल. किंमत थोडी असेल. पण ती मागण्यापूर्वी दिलेली होती.

१४ फेब्रुवारी १९२६ रोजी अकोल्यास परिषद भरून प्रतिसहकार पक्षाची स्थापना झाली. तरीही दोन्हीकडे हळहळ होतीच. एप्रिलात साबरमतीस समेटाची बैठक झाली. मंत्र्यांस त्यांचे काम परिणामकारक रीतीने करण्याइतकी सत्ता, जबाबदारी व पुढाकार मिळाल्यास सरकारचा प्रतिसाद पुरेसा समजावा, आणि तो तसा आहे की नाही याचा निर्णय मोतीलालजी व जयकर या दोघांच्या समितीने पडताळावा, असे ठरले. सह्या झाल्या. परंतु शाई वाळते न वाळते तोच करारातील शब्दांच्या अर्थावरून खडाजंगी सुरू झाली आणि मे महिन्याच्या प्रारंभी अहमदाबादेत अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे तो करार मोडला. १९२३च्या प्रतिज्ञेचे जे झाले तेच १९२६च्या कराराचे झाले.

नोव्हेंबर १९२६ची निवडणूक मग उघड्या दुफळीत झाली. स्वराज्य पक्षाने मद्रासेत मोठे यश मिळविले, परंतु मध्यप्रांतात व संयुक्त प्रांतात तो ढासळला. जयकर मुंबईतून वरिष्ठ कायदेमंडळात गेले. केळकरही पुन्हा निवडून आले. प्रचाराची पातळी, विशेषतः उत्तरेकडे, फार खाली गेली. लाला लजपतराय व मदनमोहन मालवीय यांचा स्वतंत्र काँग्रेस पक्ष आणि आपले प्रतिसहकारवादी यांची हिंदू महासभेशी जवळीक होती. त्यामुळे दिवाणगिरी घ्यावी की न घ्यावी हा घटनात्मक प्रश्न बाजूस राहिला आणि मतदारापुढे जातीय संशय आला. मुंजे १९२७ साली व केळकर १९२८ साली महासभेचे अध्यक्ष झाले. धोरणाच्या फेरतपासणीसाठी जे घराबाहेर पडले, त्यांस दुसऱ्या घराचा आश्रय घ्यावा लागला, आणि त्या घराचे वळण निराळे होते. प्रतिसहकाराच्या मूळ विचाराचे याने नुकसानच झाले, असे माझे मत आहे.

तो विचार खोटा होता काय? तांबे १९२९ साली मध्यप्रांताचे हंगामी गव्हर्नर झाले. त्यांच्यावरील रागास पुष्टी मिळण्यापलीकडे त्याचा उपयोग झाला नाही. परंतु जुलै १९३७मध्ये खुद्द काँग्रेसने प्रांतोप्रांती मंत्रिपदे स्वीकारली. मुंबईस बाळासाहेब खेर, नागपुरास डॉ. ना. भा. खरे मुख्य झाले. १९३५च्या कायद्याने प्रांतांस दिलेली सत्ता १९१९च्या मानाने पुष्कळ अधिक होती, हे खरे. तरी सत्ता पाहून सहकार ठरवावयाचा, हे सूत्र तेच होते. केळकर तेव्हा हयात होते. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोनच महिन्यांनी, ते वारले.

बाहेर पडलेले सारेच दुरावले असेही नव्हे. सायमन कमिशनवरील बहिष्कारात जयकर व मोतीलालजी एका बाजूस होते. १९३०च्या सत्याग्रहात बापूजी अण्यांनी पुसदकडे जंगल सत्याग्रह करून तुरुंग पत्करला, आणि १९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्षही झाले. त्याच १९३०च्या ऑगस्टात सप्रू व जयकर सरकार आणि काँग्रेस यांच्यात मध्यस्थी करीत होते. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात. मोतीलाल व जवाहरलाल यांस नैनीहून तेथे आणण्यात आले. साबरमतीच्या समितीवर ज्या दोघांची नावे होती, ते या वेळी तुरुंगाच्या भिंतीआड समोरासमोर बसले, एक कैदी म्हणून व दुसरा मध्यस्थ म्हणून. मोतीलालजींची प्रकृती खालावलेली होती. बोलणी ३ दिवस चालली, निष्फळ झाली, आणि जयकर मुंबईस परतले. ६ फेब्रुवारी १९३१ रोजी मोतीलालजींचे निधन झाले.