फ्रुक्टोज सोसत नसेल तर प्रीबायोटिक फायबर चालते का?

थोडक्यात महत्त्वाचे
• 'फ्रुक्टोज सोसत नाही' या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळे आजार असू शकतात. एकात पोटाचा त्रास होतो, दुसऱ्यात जीव धोक्यात येऊ शकतो.
• इन्युलिन आणि एफओएस ही प्रीबायोटिक फायबर फ्रुक्टोजच्याच साखळ्या असतात.
• आनुवंशिक प्रकारात ती तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अपशोषणाच्या प्रकारात ती विषारी नसतात, पण पोट फुगवतात.

बारामती आणि इंदापूर हा उसाचा पट्टा. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ही गावे साखर कारखान्यांमुळेच ओळखली जातात. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी, हंगामात उसाचा रस, भाकरीबरोबर काकवी, आणि इंदापूरकडची डाळिंबे व पेरू हे इथले रोजचे खाणे आहे. अशा घरात एखादे मूल गोड पाहताच तोंड फिरवत असेल, तर 'हट्टी आहे' म्हणून विषय संपवला जातो. कधी कधी मात्र ते मूल स्वतःला वाचवत असते.

दोन आजार, दोन धोके

फ्रुक्टोज म्हणजे फळांतील साखर. आपली नेहमीची साखर आणि गूळ यांतील सुक्रोज पचल्यावर त्याचे निम्मे ग्लुकोज व निम्मे फ्रुक्टोज होते. मधात तर फ्रुक्टोज मोकळेच असते.

1. फ्रुक्टोजचे अपशोषण : हा प्रकार पुष्कळ लोकांत आढळतो. लहान आतड्याची फ्रुक्टोज शोषण्याची क्षमता कमी पडते. न शोषलेली साखर मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जिवाणू ती आंबवतात. त्यामुळे गॅस, पोटफुगी, मुरडा, जुलाब होतात. यकृताला इजा होत नाही.

2. आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता : हा दुर्मीळ आजार आहे. यात फ्रुक्टोज रक्तात शोषले जाते, पण यकृतात त्याचे विघटन करणारे अल्डोलेज-बी हे विकर जन्मतःच सदोष असते. अर्धवट राहिलेला घटक यकृतात साठतो, रक्तातील साखर एकदम घसरते, यकृत व मूत्रपिंडांना इजा होते. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. वैद्यकीय साहित्यात त्याची पहिली नोंद 1956 ची आहे. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत.

आईच्या दुधात लॅक्टोज असते, फ्रुक्टोज नसते. म्हणून अंगावर पिणारे बाळ ठणठणीत राहते. उष्टावणानंतर साखर-गूळ घातलेली खीर किंवा फळाचा गर सुरू झाला, की उलट्या, मलूलपणा, घाम, वजन न वाढणे, कावीळ अशी लक्षणे दिसू लागतात. मध चाटवणे किंवा गोड गुटी देणे सुरू असेल, तर ती आधीही दिसू शकतात. वाचलेली मुले पुढे स्वतःच गोड टाळू लागतात. मोठेपणीही दातांना कीड नसणे आणि गोडाचा मनापासून तिटकारा असणे हा निदानाचा महत्त्वाचा धागा ठरतो.

प्रीबायोटिक फायबर म्हणजे काय?

आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य असलेल्या तंतुमय पदार्थांना प्रीबायोटिक म्हणतात. प्रोबायोटिक म्हणजे जिवाणू, प्रीबायोटिक म्हणजे त्यांचा चारा. बाजारात सर्वाधिक वापर होतो तो चिकोरीच्या मुळापासून काढलेल्या इन्युलिनचा आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडचा, म्हणजे एफओएसचा. जुलाबात किंवा प्रतिजैविकांबरोबर दिल्या जाणाऱ्या अनेक पुड्या व कॅप्सूलमध्ये, प्रोटीन पावडरीत, 'साखरविरहित' बिस्किटांत आणि काही शिशुआहारांत ते असतात. कांदा, लसूण आणि गहू यांत ते निसर्गतः असतात.

अपशोषण असेल तर

इन्युलिनची साखळी माणसाच्या पाचकरसांनी तुटत नाही. ती जवळजवळ तशीच मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तिथे आंबते. जिथे आधीच गॅसची तक्रार आहे, तिथे ही भर पडते. कॅप्सूलमधील थोडे एफओएस बहुतेकांना सोसते, पण चमचाभर पावडर पोट फुगवू शकते. घ्यायचेच असेल तर अगदी थोड्यापासून सुरुवात करा, एका वेळी एकच नवा पदार्थ घ्या आणि त्रास झाल्यास बंद करा. आहार कायमचा तोडू नका. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने काय किती सोसते ते ठरवा.

आनुवंशिक आजार असेल तर

साखळी पचत नाही, मग धोका कसला, असा प्रश्न पडेल. धोका साखळीपेक्षा तिच्या सोबत येणाऱ्या मोकळ्या साखरेचा आहे. चिकोरीच्या साध्या इन्युलिनमध्ये 10 टक्क्यांपर्यंत मोकळी साखर असू शकते. अधिक शुद्ध केलेल्या प्रकारांत ती फारच कमी असते, पण आपल्या डब्यात कोणता प्रकार आहे हे वेष्टनावरून सहसा कळत नाही. शिवाय आंबट पेयात साठवल्यावर किंवा उष्णतेने काही साखळ्या तुटून फ्रुक्टोज मोकळे होते.

एक हिशेब पाहा. 5 ग्रॅम इन्युलिनमध्ये 10 टक्के म्हणजे अर्धा ग्रॅम मोकळी साखर. त्यातले निम्मे फ्रुक्टोज धरले तर 250 मिलीग्रॅम. काही तज्ज्ञ अशा लहान मुलांसाठी दिवसाला किलोमागे 10 ते 20 मिलीग्रॅम इतकीच मर्यादा सुचवतात. 10 किलो वजनाच्या मुलासाठी ती 100 ते 200 मिलीग्रॅम होते. म्हणजे एका चमच्यातच दिवसाची मर्यादा ओलांडली जाते.

दुर्दैव असे, की या रुग्णांना फळे आणि बऱ्याच भाज्या वर्ज्य असल्याने बद्धकोष्ठता होते आणि म्हणूनच त्यांना फायबर सुचवले जाते. अशा वेळी पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

• लॅक्टुलोजचे सिरप घेऊ नका. लॅक्टुलोज हे गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोजचे बनलेले असते व सिरपमध्ये थोडे मोकळे फ्रुक्टोजही असते.
• पॉलिडेक्स्ट्रोज हे फायबर ग्लुकोजपासून बनते, पण त्यात सॉर्बिटॉलही वापरलेले असते. सॉर्बिटॉलचे शरीरात फ्रुक्टोज होते, म्हणून तेही टाळा.
• साधा, बिनगोडाचा, बिनस्वादाचा इसबगोल बहुधा चालतो. संत्र्याच्या स्वादाच्या इसबगोलमध्ये साखर असू शकते. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा.
• जीओएस हे प्रीबायोटिक लॅक्टोजपासून बनते, त्यात फ्रुक्टोज नसते. तरी डब्यात ते एफओएसबरोबर मिसळलेले नाही ना, हे पाहा.
• फळे बंद असल्याने क जीवनसत्त्व कमी पडते. ते साखर व सॉर्बिटॉल नसलेल्या स्वरूपात डॉक्टरांकडून लिहून घ्या.

वेष्टन कसे वाचावे?

'शुगर फ्री' हे पुढचे मोठे अक्षर सोडा, मागची घटकसूची वाचा. इन्युलिन, एफओएस, ऑलिगोफ्रुक्टोज, चिकोरी, सुक्रोज, इन्व्हर्ट सिरप, मध, गूळ, सॉर्बिटॉल (420), माल्टिटॉल (965), आयसोमाल्ट (953) यांपैकी काही दिसले तर आनुवंशिक आजाराच्या रुग्णाने तो पदार्थ बाजूला ठेवावा. औषधांच्या सिरपबाबतही हाच नियम. रोटाव्हायरसच्या तोंडावाटे द्यायच्या लसींतही साखर असू शकते. बाळाला हा आजार असेल किंवा तशी शंका असेल, तर डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा.

चक्कर आली, जुलाब झाले तर?

अशा रुग्णाला साखर घसरून घाम फुटला, तर घरातले हात आधी साखरेच्या डब्याकडे जातात. इथे साखर, गूळ, मध किंवा उसाचा रस देऊ नका. शुद्धीवर असेल तर साधी ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या आणि रुग्णालय गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. जुलाबात घरचे साखर-मिठाचे पाणी चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, ग्लुकोज असलेली जलसंजीवनी द्या. शिरेतून फ्रुक्टोज किंवा सॉर्बिटॉल असलेले द्रावण दिल्यास जीवावर बेतू शकते. म्हणून या आजाराची नोंद असलेला कागद रुग्णाजवळ नेहमी असू द्या.

निदान कसे होते?

अपशोषणासाठी फ्रुक्टोज पाजून श्वासातील हायड्रोजन मोजतात. पण आनुवंशिक आजाराची शंका असेल तर ही तपासणी करू नये, कारण त्यात साधारण 25 ग्रॅम फ्रुक्टोज दिले जाते. अशा वेळी आहारातून फ्रुक्टोज ताबडतोब थांबवून रक्तावरून जनुक तपासणी करतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

गोड खाल्ल्यावर बाळ वारंवार उलट्या करते, मलूल पडते, घामाघूम होते, किंवा डोळे पिवळे दिसतात, तर थांबू नका. मोठ्यांपैकी कोणी लहानपणापासून गोडाला शिवतच नसेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. प्रीबायोटिकची पुडी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना एवढे एक वाक्य पुरेसे असते.