ल्युझुला कन्फ्यूझाची कुळकथा

उत्तर ध्रुवाभोवतीच्या ज्या मुलखात वृक्ष म्हणावा असा एकही उभा राहत नाही, तेथील वाऱ्याने झोडपलेल्या खडकाळ जमिनीवर, वाळक्या पानांचे जुने वेष्टन अंगावर तसेच बाळगून, वीतभर उंचीचा जो गवतासारखा ठोंब तग धरून असतो आणि स्वालबार्डचे रेनडिअर हिवाळ्यात ज्यावर गुजराण करतात, तो म्हणजे ल्युझुला कन्फ्यूझा, आणि तो वस्तुतः गवत नव्हे. त्याचे कुल जंकेसी.

या कुलाचे दप्तर प्रथम लिनीयसने लावले, परंतु १७५३ च्या आपल्या ग्रंथात त्याने ही सारी मंडळी जंकस या एकाच खात्यावर चढविली होती. १८०५ मध्ये द कांडोल याने ल्युझुला ही प्रजाती विभक्त केली, आणि या वाटणीस पुरावा भक्कम होता: जंकसच्या बोंडात बारीक बियांची रास, तर ल्युझुलाच्या बोंडात अवघ्या तीन बिया, शिवाय जंकसचे पान निर्लोम, तर हिच्या पानाच्या कडेला लांब, पांढरे, विरळ केस.

उत्तरेकडील भाऊबंदांचा तंटा मात्र पुढे दीर्घकाळ चालला. वालेनबर्गने १८१२ मध्ये लॅपलंडातून जंकस आर्क्युॲटस वर्णिला व तो दोनच वर्षांत ल्युझुलात दाखल झाला. दर्यावर्दी पॅरीच्या आर्क्टिक सफरीत मेलव्हिल बेटावरून आलेल्या नमुन्यांवरून रॉबर्ट ब्राउनने १८२३ मध्ये ल्युझुला हायपरबोरिया हे नाव दिले. आणि १८५५ मध्ये लिंडेबर्गने ल्युझुला कन्फ्यूझा ही स्वतंत्र जाती नोंदविली. ल्युझुला निव्हॅलिस या शेजारणीपासून ती सहज वेगळी निघते, कारण निव्हॅलिसचे पान रुंद, सपाट व बोथट असून गुणसूत्रे २४, तर हिचे पान अरुंद, पन्हळीसारखे व गुणसूत्रे ३६. आर्क्युॲटाशी असलेली हद्द तेवढी पुसट आहे. फुलोऱ्याच्या देठांची कमान आर्क्युॲटात अधिक डौलदार, एवढ्यावर भागवावे लागते, आणि मधल्या रूपाचे नमुने तो निवाडाही डळमळीत करतात.

विस्ताराविषयी असा वाद नाही. ग्रीनलंड, स्वालबार्ड, सायबेरिया, अलास्का व उत्तर कॅनडा असे ध्रुवाभोवती कडे करून ती दक्षिणेस अल्ताय पर्वतात व अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर प्रांतातील उंच शिखरांवरही आढळते. हिमयुगात दक्षिणेकडे सरकलेल्या वनस्पती, बर्फ मागे हटल्यावर, शिखरांच्या थंडीत अशा टिकून राहिल्या. तिला स्वतंत्र जाती मानावी की आर्क्युॲटाची उपजाती, याविषयी मात्र वनस्पतिज्ञांचे अद्याप एकमत नाही. बहुतेक ग्रंथ तिला स्वतंत्र गणतात, आणि उपलब्ध पुराव्यावरून तेच सयुक्तिक दिसते.